निर्व्यसनी एल-पारखी

नागपूरच्या किण्वित पेय नियंत्रण कार्यालयात देवाजी गजभिये यांची एकोणतीस वर्षे सेवा झाली होती आणि या एकोणतीस वर्षांत त्यांनी बिअरचा एक थेंबही तोंडात घातला नव्हता. ही गोष्ट कार्यालयात सर्वांना ठाऊक होती आणि तिच्याबद्दल कुणी त्यांना कधी त्रास दिला नव्हता. उलट कार्यालयाची सहल निघाली की देवाजी हमखास लागत. परतताना प्रत्येक सहकाऱ्याला त्याच्या घरी, आणि शक्यतो त्याच्याच बायकोच्या स्वाधीन करण्याचे काम त्यांनी वर्षानुवर्षे विनातक्रार पार पाडले होते.

त्यांचे वडील दादाजी मोहाच्या दारूपायी चाळिशीतच गेले. तेव्हा चौदा वर्षांच्या देवाजींनी विहारात जाऊन पाच शीले घेतली. पहिल्या चारांच्या बाबतीत माणूस जेवढा मागेपुढे होतो तेवढे तेही झाले असतील, पण पाचव्याला, म्हणजे मद्य न घेण्याच्या शीलाला, त्यांनी तडा जाऊ दिला नाही. वस्तीत मिरवण्यासारखे त्यांच्याजवळ दुसरे काही नव्हते. घर दोन खोल्यांचे, स्कूटर जुनी. पण त्यांच्याकडे बोट दाखवून बाया आपल्या पोरांना सांगत, हा माणूस पीत नाही. येत्या बुद्धपौर्णिमेला विहाराच्या व्यसनमुक्ती समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे यायचे ठरले होते, आणि त्यासाठी त्यांनी पांढरा सदरा शिवायलाही टाकला होता.

संकट आले ते एका अर्जाच्या रूपाने. अर्जदार साहिल भोयर, वय सव्वीस, बंगळुरूला बिअर बनवण्याचे शिक्षण घेऊन आलेला. हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत एक शेड भाड्याने घेऊन त्याने संत्र्याची साल घातलेली एल बनवली होती. पूर्वी कुणी दारू गाळतो म्हटले की पोलीस येत. साहिलकडे वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीची माणसे येऊन गेली होती.

अर्जाच्या चौथ्या रकान्यात ‘पेयाचा प्रकार : बिअर / बिअर नव्हे (लागू नसेल ते खोडावे)’ असे छापलेले होते. साहिलने दोन्ही खोडून वर ‘एल’ असे लिहिले होते.

“बाबू, यातलं एक ठेवा लागते,” देवाजी म्हणाले.

“काका, एल म्हणजे बिअरच आहे. पण सगळी बिअर एल नसते ना.”

“मंग बिअर लिही.”

“बिअर लिहिलं तर लोक बिअर समजतील.”

देवाजींना हे उत्तर कार्यालयातल्या माणसाने द्यावे तसे वाटले. त्यांनी फाईल सहआयुक्त कृष्णकांत देशकर यांच्यापुढे ठेवली. देशकर साहेबांचे तत्त्व असे होते, की जिच्यावर निर्णय घेता येतो ती फाईल अजून अपूर्ण आहे. त्यांनी नियमावलीतली बिअरची व्याख्या मागवली. ही नियमावली पूर्वी कुणा अनुवादकाने इंग्रजीतून मराठीत आणली होती. बिअरमध्ये एल, स्टाउट आणि पोर्टर या सगळ्यांचा समावेश होतो, असे मुळात होते. अनुवादकाने स्टाउटला ‘धष्टपुष्ट’ आणि पोर्टरला ‘हमाल’ केले होते. त्यामुळे मराठी प्रतीनुसार बिअर म्हणजे एल, धष्टपुष्ट, हमाल आणि तत्सम पेये असा अर्थ निघत होता, आणि मराठी प्रत अधिकृत होती.

“गजभिये, यातल्या एलचं मूळ शोधा,” साहेब म्हणाले. “हमालांचं नंतर पाहू.”

देवाजी तीन दिवस अभिलेख कक्षात बसले. चौथ्या दिवशी त्यांना वाळवीने कडा खाल्लेली एक पुस्तिका मिळाली. ‘कामठी छावणी एल-निर्ख व एल-पारख विनियम’. गोऱ्या शिपायांना छावणीत वाईट एल मिळते म्हणून कुणा विलायती साहेबाने आपल्या देशातली शेकडो वर्षांची वहिवाट जशीच्या तशी कामठीत आणली होती. त्यात निर्ख होता, म्हणजे ज्यापासून एल बनते त्या जवाच्या भावाप्रमाणे तिचा भाव काय असावा त्याचे कोष्टक. पातळ एल विकणाऱ्याला खुर्चीला बांधून तळ्यात बुचकळण्याची तरतूद होती. आणि प्रत्येक पिंपाची तपासणी केल्याखेरीज विक्रीला परवानगी न देणारा एक अधिकारी होता, त्याचे नाव एल-पारखी. शिपाई गेले, साहेब गेले, पण विनियम रद्द झाला नव्हता. रद्द करायचा तर तो आधी कुणाला तरी आठवायला हवा होता.

इथे देवाजींना ती पुस्तिका परत फडताळात सरकवता आली असती. दुसऱ्या कुणीही तेच केले असते आणि चहाला गेला असता. पण देवाजींनी ती फडक्याने पुसली, फायलीला जोडली आणि वर ‘अवलोकनार्थ सादर’ असे लिहिले. निर्व्यसनी माणसाचा हा एक मोठा दोष असतो, त्याचे डोके दिवसभर ताळ्यावर राहते.

देशकर साहेब पुस्तिका वाचून मोहरून गेले. एल-पारखी हे पद रिक्त असल्याचे त्यांनी त्याच दिवशी घोषित केले. पात्रतेच्या अटी विनियमातच होत्या: शीलवान, निर्व्यसनी, मध्यम वजनाचा. लगेच परिपत्रक निघाले, ‘आपण निर्व्यसनी आहात काय?’ कार्यालयातल्या बावीस जणांपैकी सात जण किरकोळ रजेवर गेले. नऊ जणांनी प्रश्नाचा अर्थ स्पष्ट करून मागितला. पाच जणांनी वैद्यकीय कारणास्तव उत्तर देता येत नसल्याचे कळवले. एकाने ‘होय’ लिहिले.

“साहेब, माझं पाचवं शील आहे,” देवाजी साहेबांपुढे उभे राहून म्हणाले. “सुरा, मेरय, मज्ज, सगळं त्यात येते. मले हे जमणार नाही.”

“प्यायचं नाहीच आहे, गजभिये. कलम सात वाचा.”

कलम सातमध्ये तपासणीची पद्धत दिली होती. पारख्याने चामड्याचा चोळणा, म्हणजे गुडघ्यापर्यंतची तंग विजार घालावी. लाकडी बाकावर एक मोठा पेला एल ओतावी आणि तीत अर्धा तास निश्चल बसावे. उठताना चोळणा बाकाला चिकटला तर एलमध्ये साखर उरली आहे असे मानून ती निकृष्ट ठरवावी. न चिकटल्यास उत्तम.

“तुमच्या शीलात पिणं येतं. बसणं येतं का?”

देवाजींनी डोळे मिटून शील मनात म्हटले. बसण्याचा उल्लेख नव्हता.

“आणि विचार करा,” साहेब मायेने म्हणाले, “पिणारा माणूस नेमला, तर तो बाकावर ओतू देईल का?”

असे देवाजी एल-पारखी झाले. चोळण्याची खरेदी निविदेने झाली. सर्वांत कमी दर नागपूरच्याच सदर भागात मोटारसायकलचे जाकीट शिवणाऱ्या एका दुकानाचा आला, आणि त्या दरात त्याच्याकडे चौतीस कमरेचा एकच नग होता. देवाजींची कंबर अडतीस होती. फरकाची बाब पारख्याने आपल्या स्तरावर निकाली काढावी, असा शेरा मिळाला.

विनियमाप्रमाणे एल तयार झाली की दारापुढे पाल्याची फांदी बांधलेला उंच बांबू उभारायचा आणि तो पाहून पारख्याने यायचे. हिंगण्याचा बांबू सिव्हिल लाइन्समधल्या कार्यालयातून दिसत नसल्याने साहिलने बांबूचे छायाचित्र तीन प्रतींत सादर करावे असे ठरले. साहिलने कडुनिंबाची फांदी बांधली. पाळी सुटलेले कामगार जाता-येता त्या बांबूला हात जोडू लागले, आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी नारळही फोडला.

पहिली तपासणी एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेबाराला, साहिलच्या शेडसमोर झाली. पारा चव्वेचाळीसवर होता. बाकावर ओतलेली एल अकरा मिनिटांत वाळली. उरलेली एकोणीस मिनिटे देवाजी नुसते बसले होते. वेळ संपल्यावर ते उठले तेव्हा बाकही त्यांच्याबरोबर उठला. दोन शिपायांनी बाक धरला, साहिलने देवाजींना धरले, आणि बऱ्याच खटपटीनंतर शासनाची मालमत्ता शासनाच्या नोकरापासून वेगळी करण्यात आली. देवाजींनी अहवालात लिहिले, ‘चिकटला.’

“काका, या उन्हात कोण नाही चिकटणार?” साहिल रडकुंडीला आला होता. “डांबरी रस्त्यावर माझी चप्पल चिकटते. रस्त्यात साखर आहे का?”

देवाजींना त्याचे म्हणणे पटले आणि त्यांनी ते इमानदारीने अहवालात नोंदवले. देशकर साहेबांनी तुलनात्मक चाचणीचे आदेश दिले. देवाजी साध्या पाण्यात बसले, चोळणा चिकटला. ताकात बसले, चिकटला. शेवटी कोरड्या बाकावर बसले, घामाने चिकटला. विनियमात ज्यावर चोळणा चिकटेल ती निकृष्ट एल, असे स्वच्छ लिहिले असल्यामुळे बाक हीच निकृष्ट एल असल्याचे सिद्ध झाले. साहेबांनी बाकाला सील ठोकले आणि नवा बाक मागवून सरासरी काढण्यासाठी आणखी दहा तपासण्या ठरवल्या. चोळणा धुण्याची परवानगी देवाजींनी दोनदा मागितली. चोळणा हा पुरावा असल्याने ती नाकारण्यात आली.

पहिल्याच दिवशी घरी दारातच कौसल्याने त्यांना थांबवले. कौसल्या म्हणजे त्यांची बायको, आणि तिचे नाक वस्तीत प्रसिद्ध होते.

“का जी, हा वास कायचा येऊन राहिला?”

“ऑफिसचा आहे.”

“पिऊन येणारा हर माणूस ऑफिसचंच सांगते. मले खरं सांगा.”

“कौसल्या, मी पेलो नाही वं. बसलो फक्त.”

“कायच्यात?”

देवाजींनी सगळे सांगितले. विनियम, कलम सात, चोळणा, बाक. कौसल्या म्हणाली, “यापरीस पेलो म्हणाले असते, तर मले समजलं असतं.”

पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत वस्तीत बभ्रा झाला. पानठेल्यावर रोज संध्याकाळी झिंगून उभे राहणारे मधुकरराव त्यांच्या गळ्यात हात टाकून म्हणाले, “आले बाप्पा एकदाचे. मी म्हणतच होतो, हा देवाजी किती दिवस टिकते.” त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते. पोरांना देवाजींकडे बोट दाखवणाऱ्या बाया आता पोरांची मान दुसरीकडे वळवू लागल्या. विहारात देवाजी बसले की आजूबाजूची चटई रिकामी होई. हे सगळ्यांत जास्त लागले. बायको रागावली तर समजावता येते, रिकाम्या चटईला काय सांगणार?

अकरावी तपासणी झाली आणि कार्यालयात निनावी तक्रार आली. आपला एक कर्मचारी कर्तव्यावर असताना दारूचा वास मारतो, असे तिच्यात लिहिले होते. देशकर साहेबांनी नाकाला रुमाल लावून देवाजींना समोर बसवले, अर्थात दूरच्या खुर्चीवर.

“तक्रारीत तथ्य आहे, गजभिये.”

“साहेब, तुम्हीच तर बसवलं.”

“बसवलं मी. वास तुम्ही मारला.”

फुंकर मारायचे यंत्र आणले. देवाजींनी छाती फुटेस्तोवर फुंकले, यंत्राने शून्य दाखवले. पण प्रपत्रात ‘यंत्राचा अभिप्राय’ आणि ‘चौकशी अधिकाऱ्याच्या नाकाचा अभिप्राय’ असे दोन रकाने होते, आणि साहेबांच्या नाकाने ‘तीव्र’ असे नोंदवले. साहेब यंत्राला वरिष्ठ होते.

“दुसरा मुद्दा,” साहेब म्हणाले. “आपण ही एल निकृष्ट असल्याचं अकरा वेळा प्रमाणित केलं. चाखली असेल, तर कर्तव्यावर मद्यपान. चाखली नसेल, तर माहिती नसताना दिलेलं खोटं प्रमाणपत्र. काय ते ठरवा आणि लेखी द्या.”

“मी बसून सांगतलं साहेब. जसं कलमात आहे तसं.”

“बसून कुणाला दारू कळते का हो?” साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच देवाजींना साहेबांचे म्हणणे पूर्णपणे पटले.

मार्गही विनियमातच निघाला. कलम बारानुसार, ज्या पारख्याच्या शीलाविषयी संशय येईल त्याने पाच नागरिकांची शपथपत्रे आणावीत. त्या पाचांनी आयुष्यात कधी मद्य घेतलेले नसावे आणि पारख्यानेही घेतलेले नाही अशी हमी द्यावी. मुदत बुद्धपौर्णिमेच्या आदल्या दिवसाची मिळाली. पाच सह्या आल्या तर कार्यालय ‘निर्व्यसनी’ असे पत्र देणार होते, नाही आल्या तर ‘व्यसनी’ अशी नोंद सेवापुस्तकात कायमची होणार होती. विहारातही ठरले की देवाजींनी ते पत्र आणून दाखवावे, मग अध्यक्षपदाचे पाहू.

मधल्या काळात साहिलने कंटाळून आपल्या अर्जातला ‘एल’ खोडला आणि ‘बिअर’ लिहिले. दोन दिवसांत परवाना मिळाला. उद्घाटनाला सगळे कार्यालय हिंगण्याला गेले. देशकर साहेबांनी तीच निकृष्ट एल दोन मोठे पेले घेऊन उत्तम असल्याचा निर्वाळा दिला, आणि तोही बाकाचा वापर न करता. चारित्र्याची चौकशी चालू असल्याने देवाजींना बोलावणे शिष्टाचाराला धरून नव्हते. परत येताना गाडी चालवायला कुणी नाही, ही अडचण मात्र सर्वांना जाणवली.

देवाजी सह्यांसाठी निघाले. शपथपत्रात एवढेच होते: ‘मी आजवर मद्य घेतलेले नाही आणि देवाजी गजभिये यांनीही नाही. मद्य या संज्ञेत बिअर, एल, वाइन व ब्रँडी यांचा समावेश होतो, मग प्रसंग कोणताही असो.’ नागपूर तीस लाखांचे गाव, पाच माणसे मिळायला वेळ तो किती, असे त्यांना वाटले होते.

सर्वांत आधी ते डॉ. जितेंद्र यांच्याकडे गेले. विहारात दरवर्षी दारूच्या दुष्परिणामांवर भाषण त्यांचेच असे. डॉक्टरांनी पेन उघडले, शपथपत्र वाचले आणि पेन बंद केले. ब्रँडी ही औषधात मोडते, तिचा उल्लेख काढला तर सही करतो, म्हणाले. देवाजींच्या ओळखीतल्या एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव तर दुखावलेच.

“दारूले मी शिवत नाही. बिअर घेतो कधी. ते का दारू आहे गा?”

“कायद्यात आहे जी.”

“मंग कायदा बदलवा. मले काहून बदलवून राहिले?”

देवळाच्या पंच मंडळींतले एक गृहस्थ म्हणाले, श्रावणात या, श्रावणात मी अगदी शुद्ध असतो. एका शिकवणी वर्गाच्या मास्तरांनी सांगितले की ते फक्त परगावी घेतात, तेव्हा शपथपत्रात ‘नागपूर महानगराच्या हद्दीत’ असे घालावे. एकाने मुलाच्या लग्नाचा दिवस वगळायला सांगितला, दुसऱ्याने मेहुण्याला वगळायला सांगितले. जो तो सही करायला तयार होता, फक्त संज्ञेत थोडी दुरुस्ती पाहिजे होती. रामटेकला देवाजींच्या लहानपणचे हेडमास्तर होते, वय एक्क्याण्णव. त्यांनी एकही शब्द न बदलता सही केली, पण हात कापत असल्याने ती वाकडी आली. कार्यालयाने ती परत पाठवली. शेरा होता, ‘सही नशेत केल्यासारखी दिसते.’

देवाजी त्या दिवशी विहाराच्या पायरीवर येऊन बसले. समितीच्या सचिव वच्छलाबाई झाडलोट करत होत्या. साठीच्या, ठणठणीत बाई. नवऱ्याच्या हातची बाटली हिसकून रस्त्यावर फोडण्यापासून त्यांच्या समाजकार्याची सुरुवात झाली होती.

“वच्छलाताई, माझा बाप दारूनं गेला, तुम्हाले माहीत आहे,” देवाजी म्हणाले. “चव्वेचाळीस वर्षं जपलं मी हे. आता कागदावर व्यसनी लिहून राहिले.”

वच्छलाबाई जवळ आल्या. आधी त्यांनी देवाजींच्या तोंडाचा वास घेतला, मग सदऱ्याचा. पायरीवर ठेवलेल्या पिशवीत चोळणा होता, तो बाहेर काढून त्याचाही घेतला. “पेलेला हा आहे,” चोळणा परत पिशवीत कोंबत त्या म्हणाल्या. “तुम्ही नाही. आणा तो कागद.”

त्यांनी सही केली. पारशिवनीच्या त्यांच्या बहिणीने केली. महिला मंडळाच्या गोपिकाबाई आणि सरिताबाई यांनीही केली, आणि संज्ञेत कुणीच दुरुस्ती सुचवली नाही. चार शपथपत्रे कार्यालयात दाखल झाली. देशकर साहेबांनी ती बारकाईने तपासली आणि विनियमातल्या एका उपकलमावर बोट ठेवले. पाचांपैकी किमान एक पुरुष असावा.

ती पाचवी जागा आज हे लिहीपर्यंत रिकामी आहे. मुदतीला चार दिवस उरले आहेत. पांढरा सदरा शिवून आला आहे, कौसल्याने तो घडी करून ठेवला आहे आणि त्याविषयी घरात कुणी बोलत नाही. देवाजी रोज दुपारी दोन ते चार शपथपत्र घेऊन कार्यालयाच्या व्हरांड्यात उभे असतात. बसायची त्यांना आता भीती वाटते. आपण इथवर वाचले आहे त्याअर्थी आपण साक्षर आहात, देशकर साहेबांना मनापासून हसला आहात, आणि देवाजींविषयी आपल्याला वाईटही वाटत असणार. तेव्हा आपणच यावे. आपण स्वतः पुरुष नसाल, तर घरात एखादा असेलच, त्याला पाठवावे. येताना ओळखपत्राची प्रत आणावी. सही करण्यापूर्वी देवाजी शपथपत्र मोठ्याने वाचून दाखवतात. सगळे मिळून दोनच ओळी आहेत, आणि बहुतेक लोक दुसऱ्या ओळीवर घड्याळ पाहतात.